परतीचे दगड

"परतीचं गलबत दगड भरूनच जातं. का, ते विचारायचं नाही."

बंदर मंडळीच्या हरबाकाकांनी कामावर घेतानाच मला हे बजावलं होतं. मी मंडळीची चिटणीस, वाहतुकीची पदवी घेऊन आलेली. तरी दोन वर्षं मी विचारलं नाही, याची मला अजून लाज वाटते.

समुद्रापलीकडच्या अरबी बंदरातून आमच्याकडे खजूर येतो, तो त्यांच्या गलबतातून. आमचा कांदा घाटावरून रेल्वेने धक्क्यावर उतरतो आणि तिकडे जातो, तो आमच्या गलबतातून. दुसऱ्याचा माल आपल्या गलबतात कुणी घेत नाही. रिकामं गलबत लाटांवर कलंडू नये, म्हणून परतताना तळाशी दगड भरतात. ते आमचे नेतात, आम्ही त्यांचे आणतो. एका गलबताच्या कामाला दोन गलबतं, आणि डिझेल दुप्पट.

त्या दिवशी पलीकडचे नाखवा सालेम करार घेऊन आले होते. दोन्ही सरकारांची त्याला संमती होती. कांदा लोखंडी पेटीत भरायचा. तीच बंद पेटी रेल्वेवरून गलबतात, गलबतातून तिकडच्या गाडीवर. येताना तिच्यातच खजूर. गलबत कुणाचंही असो.

फक्त मंडळीची सही हवी होती. ती मिळाली नाही, तर संध्याकाळच्या भरतीला नाखवा दुसऱ्या बंदराकडे निघणार होते. मग मालाअभावी धक्क्यापर्यंतचा रूळ निघणार आणि सगळा कांदा ट्रकांनी घाट उतरून त्या बंदरात जाणार, हे उघड होतं.

मंडळीने मला नकाराचं पत्र लिहायला सांगितलं.

मी तडक टेकडी चढले.

टेकडीवर नूरबाबा राहतात. एकेकाळचे या बंदराचे मुख्य नाखवा, आता फकीर. त्यांच्या शब्दापुढे मंडळी जात नाही. मी त्यांच्यासमोर कागद पसरले. किती फेऱ्या वाचतील, वर्षाला किती धूर कमी होईल, सगळं सांगितलं. मग म्हटलं, तुम्ही फक्त एकदा खाली येऊन हुकूम करा.

बाबा हसले.

"म्हाताऱ्यांचा राग आला, म्हणून त्यांच्याहून म्हातारा शोधलास?"

बाबांच्या चुलीचा तिसरा दगड तडकला होता. त्यांनी मला खालून एक दगड आणायला पाठवलं. भरतीला तीन तास उरले होते आणि हे मला दगड आणायला पाठवत होते! तरी गेले. धापा टाकत परत आले आणि दगड त्यांच्यापुढे आपटला.

त्यांनी तो हातात घेऊन फिरवला. पांढुरका होता. आमच्या किनाऱ्यावर सगळीकडे तांबडा जांभा.

"हा इथला नाही," बाबा म्हणाले. "कुठून उचललास?"

"धक्क्यामागून. ढीग आहे तिथे."

"तिकडेही आहे. आपल्या जांभ्याचा. चाळीस वर्षं झाली," ते म्हणाले. "भरपूर पाठवलं आपण एकमेकांना."

मी विचारलं, "बाबा, हा नियम कुणी केला?"

"मी. त्यांच्या गलबतात आपला माल भिजला होता. मला राग आला. म्हटलं, हा हंगाम त्यांचं काही न्यायचं नाही, आपलं काही द्यायचं नाही. आणि कुणी कारण विचारायचं नाही."

"एका हंगामापुरता?"

"एका हंगामापुरता."

"मग उठवला का नाही?"

"कुणी विचारलंच नाही."

मी चिडून म्हटलं की मग आता तरी या, तुम्हीच केलात, तुम्हीच मोडा.

"मी मोडला, तर तोही माझाच नियम होईल," बाबा म्हणाले, आणि चुलीतल्या राखेकडे बघत बसले.

मी दगड उचलला आणि टेकडी उतरले.

मंडळीच्या खोलीत सगळे बसले होते. नाखवा सालेम दाराजवळच्या बाकावर, पुन्हा पुन्हा पाण्याकडे बघत. टेबलावर माझ्यासाठी कोरा कागद आणि पेन ठेवलेलं. मी दगड त्या कागदावर ठेवला.

"नकाराचं पत्र मी लिहिणार नाही."

हरबाकाका म्हणाले की दुसरा कुणीतरी लिहील, आणि उद्यापासून यायची तसदी घेऊ नकोस. दोघंतिघं हसले. शिकलेल्या पोरी अशाच, असंही कुणीतरी म्हणालं.

"लिहा ना," मी म्हटलं. "फक्त त्यात कारणही लिहा."

हरबाकाकांनी पेन उचललं.

त्यांनी शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजाऱ्याने त्याच्या शेजाऱ्याकडे...

हरबाकाकांनी पेन खाली ठेवलं. बाहेर पाणी चढत होतं.

दारात काठी वाजली. नूरबाबा उभे होते. सगळे उठले आणि त्यांच्या तोंडाकडे बघू लागले. बाबांनी करार पाहिला नाही, हरबाकाकांनाही नाही. टेबलावरचा दगड तेवढा पाहिला.

"शलाका, तो वर घेऊन चल. नाखव्यालाही बोलाव. चूल अजून दोनच दगडांची आहे, आणि मला चहा सगळ्यांचा ठेवायचाय."