बिशपची भाकर

“अब्बा, ही भाकर तुम्ही खाणार की नाही?”

निकांद्रने पुन्हा विचारलं. आवाजात अजून गोडवा होता, पण आता तो जरा ताणून आणलेला.

वाळवंटातल्या मठाचे वृद्ध साधू अब्बा कोलूथ खजुराच्या झावळ्यांची टोपली विणत होते. ते विणत राहिले.

निकांद्र काही ऐरागैरा नव्हता. इजिप्तच्या मोठ्या बंदरावरच्या बिशपचा तो डीकन, म्हणजे हाताखालचा धर्मसेवक, त्यांचा उजवा हात. सुभेदारांची मनं वळवणं, रुसलेल्या धर्मगुरूंना समजावून परत आणणं हा त्याच्या हातचा मळ. वाळवंटातल्या एका म्हाताऱ्याला भाकर खाऊ घालायची, त्यात काय एवढं, असं म्हणूनच तो निघाला होता.

भाकर मात्र साधी नव्हती. तिच्यावर बिशपचा शिक्का होता.

त्या मुलखात बिशपने आशीर्वाद दिलेली भाकर दुसऱ्याकडे पाठवत. समोरच्याने खाल्ली, तर तो आपल्या गोटातला. परत केली, तर वैर. आणि घेऊन येणाऱ्यानेही तिच्यातलाच घास तिथल्या तिथे, चारचौघांदेखत खायचा. तोवर खाणं पुरं झालं असं कोणी मानत नसे.

शहरात तेव्हा बिशप होते दोन. ख्रिस्ताच्या स्वरूपाबद्दलच्या एका शब्दावरून दोघांचं बिनसलं होतं. पुढे शब्द राहिला बाजूला आणि मोठ्या चर्चच्या किल्ल्यांवरून मारामाऱ्या सुरू झाल्या. दोन्ही गटांमधून विस्तव जात नव्हता. विरोधी बिशपच्या भाकरीचा कण जरी कोणी तोंडात घातला, तरी त्याला आपल्या चर्चची पायरी बंद होई.

शेवटी सुभेदार कंटाळला. शहर मानतं ते फक्त अब्बा कोलूथना, तेव्हा ते ज्याची भाकर खातील त्याला ईस्टरच्या आधी किल्ल्या देऊन टाकू, असं त्याने जाहीर केलं.

निकांद्रला हे काम फत्ते करायचं होतं. बक्षीसही ठरलं होतं, किनाऱ्यावरच्या एका गावची बिशपची गादी. गडी इतका निश्चिंत, की त्याने झगा शिवायलासुद्धा टाकला होता.

म्हणून त्याने आल्या आल्या मठातल्या सगळ्या साधूंना अंगणात बोलावून घेतलं. साक्षीला माणसं हवीत, नंतर कोणी नाही म्हणायला नको. मग आपल्या बिशपची बाजू त्याने अशी काही मांडली, की दोन-तीन साधूंनी माना डोलावल्या. निकांद्रला वाटलं, झालंच आता.

अब्बांची टोपली काही थांबेना.

“अब्बा, तुम्ही जितका उशीर कराल तितकी माणसं मरतील.”

“कोणाची?”

“आमची.”

अब्बांनी पुढची झावळी ओढून घेतली.

“म्हणजे... त्यांचीही मरतात. पण त्यांनीच सुरुवात केली.”

अब्बांनी टोपली खाली ठेवली.

ते उठले आणि आतून लाकडी वाडगा घेऊन आले. वाडग्यात पाणी होतं. त्यांनी निकांद्रच्या हातातली भाकर घेतली, मोडली आणि पाण्यात टाकली. वाळवंटात भाकरी वाळून दगड होतात, भिजवल्याशिवाय कोणी खात नाही. निकांद्रने सुटकेचा श्वास सोडला.

अब्बा पुन्हा आत गेले. या खेपेला त्यांच्या हातात दुसरी भाकर होती.

तिच्यावरचा शिक्का निकांद्रने लांबूनच ओळखला.

“ही... त्यांची?”

“गेल्या रविवारी त्यांचा माणूस आला होता. त्याला म्हटलं, भूक लागली की खाईन. तो रागावून, भाकर ठेवून निघून गेला.”

अब्बांनी तीही मोडली. त्याच वाडग्यात टाकली.

“अब्बा, हे काय करताय?”

“दात राहिले नाहीत रे.”

आणि ते बोटांनी कालवत बसले. शिक्के विरघळले. तुकड्यांचा लगदा झाला.

निकांद्र संतापला. हा अपमान आहे, बिशप हे सहन करणार नाहीत, सुभेदाराच्या कानावर घालावं लागेल, असं तो बरंच काही बोलला. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. मग एक घास उचलला, हळूहळू घोळवला, गिळला. मग आणखी एक.

“तुझ्या बिशपची भाकर मी खाल्ली,” ते म्हणाले. “सगळ्यांनी पाहिलं.”

खरंच होतं. साधूंनी माना हलवल्या. दुसऱ्या बिशपचा माणूस तर घास न खाताच निघून गेला होता, म्हणजे किल्ल्या आता निकांद्रच्या बिशपच्याच होत्या, फक्त निकांद्रचा घास तेवढा राहिला होता.

निकांद्र वाडग्याजवळ बसला. त्याने बोटं आत घातली. आपल्या भाकरीचा एखादा तुकडा शाबूत असेल म्हणून तळापासून चाचपून पाहिलं. दोन्ही भाकरी त्याच बंदरावरच्या गव्हाच्या. रंग एक, वास एक.

खाल्लं नाही, तर रिकाम्या हाताने परत जायचं. खाल्लं, तर किल्ल्या मिळतील, पण त्यांच्या भाकरीचा कण पोटात गेला म्हणून गादी गेली, आणि ज्या चर्चमध्ये लहानाचा मोठा झाला त्याची दारंही बंद.

ऊन चढत होतं. साधू जागचे हलले नव्हते.

“अब्बा...” त्याचा आवाज अगदी लहान झाला होता. “मी काय करू?”

अब्बांनी वाडगा उचलून त्याच्या ओंजळीत ठेवला.

“जिंकलास, बाळा... खा.”