भिंतीबाहेरचा दोर

पूर्व इंग्लंडमध्ये दलदलीच्या काठाला सॉल्टमियर नावाचं खेडं आहे. तिथल्या चिमुकल्या दगडी चर्चच्या भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर एक भोक आहे आणि त्यातून घंटेचा दोर बाहेर लोंबतो. पाहुणे हमखास विचारतात, "दोर बाहेर कशाला?" मग चर्चची देखभाल करणारे म्हातारे वॉल्टर त्यांना दारातल्या बाकावर बसवतात आणि हकिगत सांगतात.

फार जुन्या काळी इथे हॉविस नावाची विधवा राहायची, असं सांगतात. तिचा एकुलता एक मुलगा विल्किन छपरासाठी बोरू कापायला दलदलीत गेला आणि धुकं उतरलं. हॉविस धावत घंटावाल्या ऑस्बर्टच्या दारी गेली. "घंटा वाजव रे, आवाजाच्या रोखानं येईल माझं पोर!" पण घंटा फक्त प्रार्थनेसाठी, असा पाद्रीबाबांचा हुकूम होता, आणि ते परगावी गेलेले. ऑस्बर्ट भित्रा माणूस. त्यानं काही चर्चचं कुलूप काढलं नाही. विल्किन परत आला नाही.

पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. चर्च उघडं होतं आणि हॉविस मुलाच्या नावानं मेणबत्ती लावत होती. बाहेर धुकं दाटलेलं. इतक्यात दलदलीतून हाक आली, "कुणी आहे का?" आवाज ऑस्बर्टचा होता. मासे धरायला गेलेला तो वाट चुकला होता. दोर तिच्या समोरच होता. तिनं तोंड फिरवलं म्हणे, कानांवर हात दाबून धरले. तरीही दुसरी हाक ऐकू आलीच, रडवेली, अगदी लहान पोरासारखी. विल्किननंही असंच विचारलं असेल, आणि कुणी ओ दिली नसेल! ती उठली आणि दोर ओढू लागली. तळहात सोलवटले तरी थांबली नाही.

कमरेपर्यंत चिखलानं माखलेला ऑस्बर्ट आत आला. दोर कुणाच्या हातात आहे हे पाहून त्यानं हात जोडले.

"माफी मागू नकोस," हॉविस म्हणाली. "भिंतीला भोक पाड."

त्यानं ते पाडलं आणि कुलूप असलं तरी कुणालाही ओढता यावा म्हणून दोर बाहेर सोडला. पाद्रीबाबांनी त्याला कामावरून काढलं. पण भोक बुजवायला पंचक्रोशीतला एकही गवंडी तयार झाला नाही म्हणे.

आजही धुकं पडलं की जाणारायेणारा त्या दोराला हात घालतो. दलदलीत कोण अडकलंय, हे आधी विचारायची तिथे रीत नाही.