कुंचीवरचा निळा थेंब

एक होता उंदीर. नाव त्याचं चुटकू. एवढासा! तुमच्या अंगठ्याएवढा.

चुटकूला झाली बहीण. आज तिचं बारसं. चुटकूने बाळासाठी आणलेली नवी कुंची डोक्यावर घेतली. पांढरी पांढरी कुंची. निघाला घरी, तुरुतुरु तुरुतुरु.

वाटेत भागाबाईचं अंगण. भागाबाई साड्यांवर मोर रंगवते. तिने रंगाची वाटी उचलली, वाटी कलली, आणि...

टप्प!

कुंचीवर निळा डाग! चुटकूने आ वासला. तो आ मिटेचना.

आता? कुंची नाही, तर बारसं नाही. बारसं नाही, तर नाव नाही. बिननावाची बहीण! बापरे बाप!

"अगं बया बया!" भागाबाई म्हणाली.

"भागाबाई, भागाबाई, डाग धुऊन दे!"

"कापडाचा रंग तो, राजा. धुऊन जायचा नाही. डागाचं फूल मात्र करता येईल."

"मग कर ना!"

"कशाने करू? मी गेले चहा प्यायला, कुंचला राहिला धुवायचा. बघ, कसा खडखडीत वाळला. तो मऊ झाल्याशिवाय मी फूल काढणार नाही."

चुटकू गेला कुंचल्याकडे, तुरुतुरु तुरुतुरु.

"कुंचल्या, कुंचल्या, मऊ हो! भागाबाई फूल काढेना, डाग काही जाईना, बाळाचं बारसं होईना!"

"काय सांगतोस!" कुंचला म्हणाला. "पण पाणी मिळाल्याशिवाय मी मऊ होणार नाही."

चुटकू गेला हौदाकडे, तुरुतुरु तुरुतुरु.

"हौदा, हौदा, पाणी दे! कुंचला मऊ होईना, भागाबाई फूल काढेना, डाग काही जाईना, बाळाचं बारसं होईना!"

"काय सांगतोस!" हौद म्हणाला. "पण माझ्या झाकणावर कोण झोपलंय बघ. तो उठल्याशिवाय मी पाणी देणार नाही."

चुटकूने वर पाहिलं. बोका! हा एवढा मोठा बोका! चुटकू दोन पावलं मागे सरला. पण बहिणीचं बारसं होतं. चुटकू चढला वर, तुरु... तुरु...

"बोकोबा, बोकोबा, उठा ना! हौद पाणी देईना, कुंचला मऊ होईना, भागाबाई फूल काढेना, डाग काही जाईना, बाळाचं बारसं होईना!"

"काय सांगतोस!" बोका म्हणाला. "पोट भरलंय माझं, म्हणून वाचलास! दोरीवरच्या या साडीची सावली कशी गारेगार पडलीय. साडी हलल्याशिवाय मी उठणार नाही."

चुटकू गेला साडीकडे, तुरुतुरु तुरुतुरु.

"साडी, साडी, हल ना! बोका काही उठेना, हौद पाणी देईना, कुंचला मऊ होईना, भागाबाई फूल काढेना, डाग काही जाईना, बाळाचं बारसं होईना!"

"काय सांगतोस!" साडी म्हणाली. "पण वारा आल्याशिवाय मी हलणार नाही."

चुटकू गेला वाऱ्याकडे, तुरुतुरु तुरुतुरु. वारा बसला होता कुंपणाबाहेर, गाल फुगवून.

"वारोबा, वारोबा, या ना! साडी काही हलेना, बोका काही उठेना, हौद पाणी देईना, कुंचला मऊ होईना, भागाबाई फूल काढेना, डाग काही जाईना, बाळाचं बारसं होईना!"

वारा बघतच राहिला.

"काय म्हणालास? मला? या म्हणालास?"

"हो! या ना!"

"अरे, मला कुणी या म्हणत नाही! ओल्या रंगावर धूळ उडते, म्हणून सगळे म्हणतात, जा जा!"

"मग धूळ ठेवा इथेच, आणि तुम्ही या."

वारा आला, सूं सूं!
साडी हलली, फडफड!
बोक्याच्या नाकावर ऊन पडलं. बोका उठला, धप्प!
हौदाने पाणी दिलं, खळखळ!
कुंचला झाला मऊ मऊ.

भागाबाईने डागाला पाकळी काढली. मधे पांढरं, खाली हिरवा देठ. झालं गोकर्णाचं फूल! वाऱ्याने फुंकर घातली, फू! फूल वाळलं.

चुटकू धावला घरी, तुरुतुरु तुरुतुरु.

"अगं बाई!" आई म्हणाली.

"अरेच्चा!" बाबा म्हणाले.

आत्याने तर तोंडावर हातच ठेवला. मग तिने बाळाला कुंची घातली आणि बाळाच्या कानात म्हणाली, "कुर्रर्र... गोकर्णा!"

बाळाने डोळे उघडले, टकामका. सगळ्यांनी घुगऱ्या खाल्ल्या, कुडुम कुडुम. चुटकूला मिळाली एक मूठ जास्त.

गोष्ट आमची रंगली, दोरीवर टांगली!