उन्हाची बाजू

“वर असतानाच सोडलेलं बरं... नाही का, सर?”

टेनिस कोर्टच्या पलीकडच्या टोकाला उभे राहून हिंगमिरे सर चेंडू जमिनीवर आपटत राहिले.

विचारणारा कोणी ऐरागैरा नव्हता. संग्राम बारंगुळे! आमच्या बार्शीचा, सरांच्या हाताखाली वाढलेला. पुरुषांच्या टेनिसमध्ये सलग सहा वर्षं देशात एक नंबर. दर सोमवारी क्रमवारीची नवी यादी लागते आणि सहा वर्षं तिच्यात वरचं नाव तेच. पेपरवाले त्याला ‘अढळ’ म्हणायला लागले होते. तो न कळवता, पुण्याहून थेट गाडी काढून, आमच्या फाटकात येऊन उभा होता. मी सोललेलं केळं हातात तसंच धरून बसलो.

“उद्या पुण्यात पत्रकार बोलावलेत,” संग्राम म्हणाला. “निवृत्ती जाहीर करतोय. तुमचा आशीर्वाद घ्यायला आलो.”

“वय काय तुझं?”

“एकोणतीस.”

“गुडघे?”

“ठणठणीत.”

“खांदा?”

“काहीच तक्रार नाही, सर.”

“मग?”

संग्रामने घाम आलेला नसताना कपाळ पुसलं.

“नागपूरचा तो दाणी... एकोणीस वर्षांचा आहे. दर सोमवारी जवळ जवळ येतोय. पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेत मला गाठेल. गेल्या वर्षी कमावलेले गुण या वर्षी गळून पडतात, सर. वर बसलेल्यालासुद्धा पुन्हा पायथ्यापासून चढावं लागतं. त्याने ओढून खाली पाडायच्या आधी मीच उठलो तर... संग्रामला कोणी खाली पाडलं, असं कुणाला म्हणताच येणार नाही. कधीच नाही!”

माझ्या शेजारी बसलेले दातांचे डॉक्टर कस्तुरे म्हणाले, “हुशार आहे हो पोरगा.”

खरं सांगतो, मलाही तेच वाटलं.

सरांनी कपाळावर हात आडवा धरून त्याच्याकडे पाहिलं.

“रॅकेट आणलीस?”

“गाडीत आहे. पण सर, मी विचारत होतो की...”

“घिऊन ये. आन् बाकावर बस. आधी हे मेडिकलवाले हायेत.”

मेडिकलवाले म्हणजे मी.

आता आमचं कोर्ट कसलं आहे, ते सांगायला हवं. जगात सगळीकडे टेनिसचं कोर्ट उत्तर-दक्षिण आखतात, म्हणजे खेळणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन येत नाही. आमचं पूर्व-पश्चिम आहे. डाळ मिलच्या मागची जागा चिंचोळी, दुसरीकडून बसेना, म्हणून आमच्याच शहाण्या लोकांनी ते आडवं आखलं. आखून, शेणाने सारवून, चुन्याच्या रेघा मारून, नारळ फोडून झाल्यावर संध्याकाळी पहिला गडी पूर्वेच्या टोकाला उभा राहिला आणि ओरडला, “अहो, मला काही दिसत नाही!” गावभर हसं झालं.

सर मात्र हसले नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून एक रीत घातली. तीन पॉइंट आधी घेईल तो जिंकला. जिंकेल त्याने उन्हाच्या बाजूला जायचं आणि कोणी हरवेपर्यंत तिथेच उभं राहायचं. हरेल त्याने कोर्टबाहेर येऊन कडुनिंबाखालच्या बाकावर बसायचं. अंधार पडला, तर जिंकणाऱ्याने दुसऱ्या दिवशी त्याच टोकाला हजर व्हायचं. आजवर ही रीत कुणी मोडलेली नाही. एकदा कलेक्टरसाहेब आले होते, तेही निमूटपणे बाकावर बसले.

मी गेलो आणि केळं खायला जेवढा वेळ लागला असता त्याहून कमी वेळात हरून परत आलो.

मग संग्राम उठला.

आम्ही सगळे सावरून बसलो. देशाचा एक नंबर आमच्या शेणाच्या कोर्टवर! समोर अडुसष्ट वर्षांचे सर, पायात कॅनव्हासचे बूट, डोळ्यांत पाच वाजताचं ऊन.

संग्रामने मान राखून हळुवार सर्व्हिस केली. सरांनी चेंडू नुसता खालून कापला. तो जाळीपलीकडे पडला आणि उठलाच नाही. शेणाच्या जमिनीवर कापलेला चेंडू बसतोच.

एक.

संग्राम हसला. पुन्हा हळू मारला, पुन्हा सरांनी कापला. तो धावला, पण उशीर झाला होता.

दोन!

आता तो हसला नाही. जोरात मारला, इतका जोरात की चेंडू मिलच्या पत्र्यावर जाऊन वाजला.

“तीन,” सर म्हणाले. “बाहेर.”

अहो, काय सांगू! डॉक्टर बाकावरून उठून नाचायचेच बाकी होते. सहा वर्षं ज्याला देशात वरून कुणी हलवलं नाही, तो माझ्या शेजारी येऊन बसला. लालबुंद झाला होता.

डॉक्टर सरांसमोर गेले. संग्राम कोपरं गुडघ्यांवर टेकवून पाहू लागला. आधी रागाने. मग राग कुठेतरी गेला आणि तो पुढे सरकून बघायला लागला.

“कापताना त्यांचा डावा खांदा आधी पडतो...” तो स्वतःशीच पुटपुटला. “इतकी वर्षं समोर उभा राहून खेळलो, कधी दिसलं नाही.”

डॉक्टर हरले. संग्राम पुन्हा उतरला, आणि या वेळी तो खेळायला उतरला होता. सरांचा डावा खांदा पडला की हा जाळीकडे सुटायचा. एक, दोन, तीन! सरांनी रॅकेट काखेत मारली आणि ते बाकावर येऊन बसले.

संग्राम उन्हाच्या बाजूला गेला.

आणि मग जी मजा आली, ती मी जन्मात विसरणार नाही. सूर्य मिलच्या कुंपणापर्यंत उतरलेला, बरोबर डोळ्यांच्या रेषेत. मी खेळायला गेलो. खेळतो कसला, चेंडू उंच उडवत राहिलो, सरळ सूर्यात. एक पॉइंट मी घेतला! देशाच्या एक नंबरकडून! पुढचे तिन्ही मी घालवले, ते सोडा.

मग डॉक्टर. त्यांनी माझंच बघून तेच केलं. दोन-दोन झाले. शेवटचा चेंडू त्यांनी असा उडवला की तो उन्हात विरघळलाच. संग्राम डोळे किलकिले करून एका जागी थबकला... मग एकदम पाठ फिरवून मागे धावला, चेंडू टप्पा खाऊन वर आला तेव्हा त्याला दिसला आणि त्याने वळता वळता तो रेघेवर ठोकला. चुना उडाला!

आम्ही ओरडलो. तोही ओरडला. हात वर करून, शाळेतल्या पोरासारखा. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते उन्हाने की कशाने, कोण जाणे.

तेवढ्यात फाटकाबाहेर संग्रामच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला.

संग्रामचा चेहरा पुन्हा मोठ्या माणसाचा झाला. त्याने टॉवेलने तोंड पुसलं, बॅग खांद्याला लावली आणि फाटकाकडे आला.

“निघतो, सर. फार छान वाटलं.”

फाटकाची कडी लावलेली होती आणि कडीवर सरांचा हात होता.

“कुटं?”

“पुण्याला. सकाळी पत्रकार येणार आहेत.”

“आत्ता कोर्टवर कोन जिंकलंय?”

“मी.”

“मग बाहेर कसा?”

ही रीत संग्रामला नवी नव्हती. याच मातीत तो लहानाचा मोठा झाला होता.

“इथनं बाहेर कोन जातं, संग्या?”

संग्रामने खांद्यावरचा बॅगेचा पट्टा घट्ट धरला.

“बोल की.”

“हरलेला,” तो हळूच म्हणाला.

“हरलायस का?”

“नाही!”

तो एवढ्या जोरात ओरडला की मिलचा वॉचमन भिंतीवरून डोकावला.

सरांनी कडी काढली. फाटक सताड उघडलं आणि ते बाजूला झाले.

समोर गाडी. ड्रायव्हरने दार उघडून धरलेलं.

संग्राम उभाच राहिला. एकदा त्याने गाडीकडे पाहिलं, एकदा मागे वळून उन्हाकडे पाहिलं. मग खिशातून फोन काढला.

“हॅलो... उद्याचं रद्द करा. नाही, पुढे ढकलायचं नाही. रद्द! आणि ऐका, पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेत दाणी आहे ना? हां. माझं नाव राहू द्या.”

त्याने बॅग तिथेच टाकली आणि ताडताड चालत पूर्वेच्या टोकाला जाऊन उभा राहिला. ऊन थेट तोंडावर. मी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी तर शिट्टी मारली, वयाचा काही विचार न करता.

सरांनी रॅकेट उचलली आणि ते पाठीवर ऊन घेऊन त्याच्यासमोर गेले. चेंडू आपटायला लागले.

“सर...”

“आँ?”

“आणि दाणीने हरवलं तर?”

सरांनी चेंडू हातात धरला.

“मग निंबाखाली यिऊन बस,” ते म्हणाले. “तिथनं चेंडू लई स्वच्छ दिसतो.”