लिंबाजीची सोनेरी धाव

वांगदरी गावात लिंबाजी नावाचा एक भोळा म्हातारा होता. सत्तरी उलटली होती, पण शेळी सुटली की शेळीच्या पुढं पळायचा. अक्कल मात्र शेळीच्या मागं.

त्याच गावात जगदाळे गुरुजी होते. शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे मास्तर. म्हाताऱ्या खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेत जायचं, हे त्यांचं स्वप्न. रिले शर्यतीसाठी चार म्हातारे लागतात. तीन जमले होते, चौथा मिळत नव्हता. गुरुजींनी लिंबाजीला शेळीच्या पुढं पळताना पाहिलं आणि त्याचं नाव घातलं. नुसत्या रिलेत नाही, आणखी तीन प्रकारांत घातलं.

विमानातून सगळे परदेशात उतरले. केवढं मैदान! जगभरचे आजोबा आणि आज्या चड्ड्या घालून उड्या मारत होत्या. लिंबाजी लाजून खाली बघत चालला.

पहिली शर्यत शंभर मीटरची. गुरुजी म्हणाले, "लिंबाजी, रेषेवर वाकून बस. बंदूक वाजेपर्यंत अजिबात हलायचं नाही."

लिंबाजी वाकून बसला. बंदूक वाजली. सगळे पळाले. लिंबाजी बसलेलाच. शर्यत संपली, लोक टाळ्या वाजवून घरी गेले, तरी बसलेलाच.

"अरे, पळाला का नाहीस?"

"वाजेपर्यंत हलू नको म्हणालात. वाजल्यावर काय करायचं ते कुठं सांगितलं?"

गुरुजींनी कपाळाला हात लावला. "बंदूक वाजली की पळत सुटायचं! इकडं तिकडं बघायचं नाही. कुणाला विचारायचं नाही."

"आता ध्यानात राहील," लिंबाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गोळाफेक होती. लिंबाजीनं लोखंडी गोळा मानेला लावला, गाल फुगवले, एक पाय उचलला. तेवढ्यात मैदानाच्या पलीकडं बंदूक वाजली. ऐंशीच्या पुढच्या आज्यांची शर्यत सुटली होती. लिंबाजी गोळ्यासकट सुटला. इकडं तिकडं बघितलं नाही, कुणाला विचारलं नाही. एका जर्मन आजीनं त्याला कोपरानं ढकललं, तरी थांबला नाही.

धापा टाकत गुरुजींकडं आला. "गुरुजी, पहिला आलो!"

"कशात?"

"बायकांत."

गुरुजी म्हणाले, "अरे शहाण्या, हातात काही असलं की ते घेऊन गावभर पळायचं नसतं. अंगातलं सगळं बळ लावायचं आणि फेकून द्यायचं. जितकं लांब जाईल तितकं चांगलं."

"आधी सांगायचं की," लिंबाजी म्हणाला.

तिसऱ्या दिवशी रिले. पहिले दोघे मिरजेचे जुने पोस्टमन. तिसरा लिंबाजी. शेवटचा टप्पा गुरुजींचा. पोस्टमन असे पळाले, जणू मागं कुत्रं लागलंय. लिंबाजीच्या हातात दांडका आला तेव्हा भारत सगळ्यांच्या पुढं होता. लिंबाजीनं त्याला आणखी पुढं नेलं. गुरुजी हात मागं करून तयार उभे. डोळ्यांत पाणी, पायांत वारं.

लिंबाजीनं अंगातलं सगळं बळ लावलं आणि दांडका फेकला. तो गुरुजींच्या डोक्यावरून गेला आणि लांब उडीच्या वाळूत जाऊन रुतला. तिथल्या पंचानं सवयीनं टेप लावून मोजलासुद्धा.

"गुरुजी, लई लांब गेला!"

गुरुजी हात तसाच मागं ठेवून उभे राहिले. मग तिथंच धावण्याच्या पट्ट्यात खाली बसले. "या एका शर्यतीसाठी दोन वर्षं पहाटे उठत होतो रे," एवढंच म्हणाले.

लिंबाजीचं तोंड एवढंसं झालं. रात्री तो गुरुजींकडं गेला. "गुरुजी, मी मुद्दाम नाही केलं. एकदा नीट सांगा. परत चुकलो तर नाव बदला."

गुरुजींना त्याची दया आली. "हे बघ. हातात आलेली वस्तू आपल्याजवळ ठेवायची नाही. फेकायचीही नाही. शेजारी माणूस उभा असला की त्याच्या हातात द्यायची. 'घ्या, पळा' म्हणायचं. आणि आपण बाजूला व्हायचं."

"घ्या, पळा," लिंबाजी झोपेतही म्हणत होता.

शेवटच्या दिवशी पाच हजार मीटरची शर्यत. गुरुजींनी लिंबाजीचे दोन्ही हात उघडून पाहिले. मोकळे होते. बंदूक वाजली. लिंबाजी सुटला तो असा सुटला, की दुसरा येईपर्यंत त्यानं बुटाची नाडी सोडून परत बांधली. जगात पहिला! पोस्टमन नाचले. गुरुजी रडले.

बक्षिसाच्या मंचावर लिंबाजी मधल्या उंच पायरीवर चढला. एका बाजूला दुसरे आलेले फिनलंडचे उंच आजोबा, दुसऱ्या बाजूला तिसरे आलेले जपानी आजोबा. पाहुण्या बाईंनी तिघांच्या गळ्यात पदकं घातली. खाली गुरुजी एका हातात मोबाइल धरून फोटो काढत होते.

लिंबाजीनं सोन्याचं पदक गळ्यातून काढून हातात घेऊन पाहिलं. आणि त्याला घाम फुटला. हातात वस्तू होती. शेजारी माणूस उभा होता.

"घ्या! पळा!" त्यानं पदक फिनलंडच्या हातात कोंबलं आणि बाजूला झाला.

फिनलंडच्या आजोबांना वाटलं, ही भारताची रीत असेल. रीत मोडू नये, म्हणून त्यांनी सोनं गळ्यात घातलं आणि आपलं चांदीचं जपानी आजोबांना दिलं. जपानी आजोबा कमरेत वाकले आणि त्यांनी आपलं काशाचं दोन्ही हातांनी पाहुण्या बाईंना दिलं. बाईंनी इकडं तिकडं पाहिलं. गुरुजींचा एक हात मोकळा दिसला. त्यांनी ते त्यात ठेवलं.

"लिंबाजी, काय केलंस हे? सोनं होतं ते!"

"होतं ना. पण या खेपेला एकदासुद्धा खाली पडलं नाही," लिंबाजी आनंदानं म्हणाला. मग एकदम त्याचा चेहरा बदलला. "पण गुरुजी, तुम्ही उभे काय राहिलाय? शेवटचा टप्पा तुमचा! पळा!"

गुरुजींनी लिंबाजीकडं पाहिलं. हातातल्या पदकाकडं पाहिलं. मंचाकडून तीन पंच हात हलवत त्यांच्याच दिशेनं येत होते.

आणि गुरुजी पळाले.