शेवटची वाटीभर कॉफी

डोंगरावरच्या एका गावात घरोघरी परसात कॉफीची झाडं होती. मुलगी जन्मली की तिचा बाप तिच्यासाठी एक झाड लावायचा. पुढे तिला मूल झालं की बारशाला त्याच झाडाच्या बिया भाजून कॉफी करायची, आजीनं तिचा घोट घ्यायचा आणि मगच बाळाच्या कानात नाव सांगायचं, अशी तिथली रीत.

त्या गावात इसाजी नावाचा एक माणूस शेगडीवर जाळी ठेवून बिया भाजायचा. हात चांगला, पण रोज काही नवं करून बघायची खोड. शेगडीवर झाकण ठेवलं तर धूर कोंडायचा आणि बिया धुरकट व्हायच्या. झाकण काढलं तर धग उडून जायची. शेवटी त्याला उमगलं, की शेगडीचं तोंड जरासं उघडं ठेवून पंख्यानं हळूहळू वारा घातला, तर बिया आतपर्यंत तांबूस होतात. पण सावकाशीचा त्याला कंटाळा. म्हणून एका सकाळी त्यानं लोहाराचा भाताच मागून आणला.

तेवढ्यात शेजारची सोनाकाकी पदराखाली वाटी घेऊन आली.

"इसाजी, उद्या नातीचं बारसं. लेकीचं झाड यंदा वठलं रे. तिच्या बापानं लावलेलं. तो गेला, आता झाडही गेलं. या शेवटच्या बिया. नीट भाज हं."

"काकी, अशा भाजतो की वास पलीकडच्या डोंगरावर जाईल!"

काकी गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, भाता आधी आपल्या बियांवर बघा की."

"तू आपली भाकरी बघ," इसाजी म्हणाला आणि त्यानं भाता दाबला.

निखारे लालभडक झाले. बिया तडतडल्या. जाळी उचलेपर्यंत सगळ्या काळ्या! त्यानं एक फोडून पाहिली. वरून कोळसा, आतून कच्ची.

"जा, काकींना सांगून या," बायको हळूच म्हणाली.

"कुठल्या तोंडानं सांगू?"

त्यानं आपल्या परसातल्या बिया घेतल्या, पंख्यानं सावकाश भाजल्या आणि काकीची वाटी भरली. जळक्या बिया मात्र त्याला फेकवेनात. त्या फडक्यात बांधून त्यानं बंडीच्या खिशात टाकल्या.

दुसऱ्या दिवशी पाळण्याभोवती सारा गाव जमला. काकीनं घोट घेतला आणि तिचे डोळे भरून आले.

"हीच गं ती चव! तुझा बाप असता तर..." ती लेकीला म्हणाली. मग इसाजीकडे वळली. "बाबा, तुझ्या हाताला यश आहे."

इसाजीची कानशिलं तापली. खिशातली पुरचुंडी निखाऱ्यासारखी लागू लागली. काकी नाव सांगायला पाळण्यावर वाकली, तसा तो ओरडला, "थांबा काकी! ही तुमच्या झाडाची नव्हे!"

त्यानं मान खाली घालून घडलेलं सांगितलं आणि फडकं तिच्यापुढे सोडलं.

"भात्यानं लोखंड तापवतात, इसाजी. माझ्या लेकीच्या बियांवरच बघायचं होतं का रे तुला?" काकी म्हणाली. "आणि वर मला रडवलंस. परक्या झाडासाठी."



काकीनं त्या काळ्या बिया उचलल्या, जात्यावर स्वतः दळल्या आणि उकळल्या. घोट घेताच तिचं तोंड वाकडं झालं.

"कडू आहे," ती म्हणाली. "पण माझी आहे."

मग तिनं बाळाच्या कानात नाव सांगितलं. पाळणा हलला, बायका गाऊ लागल्या. काकीनं उरलेली कॉफी इसाजीपुढे ठेवली.

"घे. पी."

तो दाराशी बसून ती थेंब न सांडता प्यायला. ती कडू चव त्याच्या जिभेवरून कधीच गेली नाही. पण काकीच्या अंगणातून जाताना त्याला मान वळवून चालावं लागलं नाही.

तात्पर्य: झाकलेली चूक कोंडलेल्या धुरासारखी असते, चांगल्या घोटालाही तिचा वास लागतो. उघडी केली तर चटका बसतो, पण धूर निघून जातो.