अक्काताईंचा थांबा

एका गावात एक गुळाचा व्यापारी राहत होता. नाव रामलिंगशेट. माणूस मनाचा वाईट नव्हता, पण भारी तापट. एका उन्हाळ्यात त्यांना कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे! गुळाच्या ढेपा वाहायच्या टेम्पोत त्यांनी गाद्या घातल्या, वर ताडपत्री ताणली आणि अख्खं घर देवदर्शनाला बाहेर काढलं. तीन मुलगे, तीन सुना, सहा नातवंडं, बायको अक्काताई आणि ते स्वतः. चौदा माणसं, आणि गुळाच्या वासाला चिकटून आलेले हजारभर मुंगळे.

पहिल्याच दिवशी गाडी चौतीस वेळा थांबली. कुणाला पाणी हवं, कुणाला सावली, कुणाला नुसतंच उतरून उभं राहायचं. शेटांनी कपाळाला हात लावला आणि रात्री नियम काढला. माणशी दिवसाला एकच थांबा. मागच्या माणसांनी दोरी ओढायची, पुढं शेटांच्या कानाशी टांगलेली बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली की गाडी थांबेल. दुसऱ्यांदा ओढाल, तर तिथंच उतरवून पुढं जाईन.

नियम सगळ्यांना लागू होता, शेटांनासुद्धा. पण शेटांना एका चहावर भागायचं नाही. दुसऱ्या चहाला ते गाडी थांबवत आणि म्हणत, "हा अक्काताईचा धरा." बावीस दिवस हेच चाललं. तिला विचारावं असं त्यांच्या कधी मनातही आलं नाही. उलट जाईल तिथं ते कौतुकानं सांगत, "आमच्या मंडळींना कधी काही लागतच न्हाई बघा."

होता होता शेवटचा दिवस उजाडला. दिवेलागणीला अमावस्या लागत होती आणि यात्रेहून आलेल्या माणसानं अमावस्येत उंबरठा ओलांडायचा नाही, अशी त्या घराची रीत होती. त्यामुळे शेट पहाटेपासूनच घायकुतीला आले होते. अक्काताई गाडीत चढता चढता म्हणाल्या, "अहो, आज वाटेत..."

"आज वाटेत काही न्हाई!" शेट कडाडले. "आज थेट घर."

थेट घर कसलं! तासाभरात धाकट्या नातवाची चप्पल रस्त्यात पडली. ती मिळेतो दुसऱ्या नातवाला उलटी झाली. मधल्या मुलाला नदीवरचा पूल जवळून बघायचा होता. धाकट्या सुनेच्या लोणच्याची बरणी कलंडली आणि सगळ्या गादीला तेल लागलं. घंटा वाजली की शेट स्टिअरिंगवर हात आपटत आणि आपल्याच अकलेला शिव्या देत. देव भेटला तो भेटला, पण ह्या कुटुंबाला घेऊन पुन्हा त्याच्या दारात जायचं नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. मधे त्यांचे दोन चहा झाले. दुसरा अर्थातच अक्काताईंच्या नावावर.

दुपार कलली. रस्ता सरळ लागला आणि घंटा एकदाची गप्प झाली. एका फाट्यावर बाभळीखाली एक म्हातारा आंब्यांची पाटी घेऊन उभा होता. टेम्पो दिसताच तो पटका सोडून हलवू लागला. "घ्या, आता आंबेवाला राहिला होता," असं पुटपुटत शेटांनी जोरात हॉर्न दिला आणि गाडी दामटली.

दहा-बारा किलोमीटर गेल्यावर घंटा वाजली. एकदा नाही, तीनदा.

शेट लालबुंद होऊन मागं गेले. दोरी थोरल्या सुनेच्या, महानंदाच्या हातात होती. "आता कुणाच्या पोटात दुखतंय?" ते ओरडले.

"कुणाच्या न्हाई, मामंजी," महानंदा म्हणाली. "मामा मागं ऱ्हायले."

"कुठले मामा?"

"आत्याबाईंचे भाऊ," तिनं सासूकडं पाहिलं. "फाट्यावर पाटी घेऊन उभे हुते. तुम्ही हॉर्न दिलासा. आत्याबाईंना आत्ता इचारलं, तवा कळलं."

तेव्हा शेटांना आठवलं. जाताना ह्याच फाट्यावर अक्काताईंनी गाडी थांबवायची विनंती केली होती आणि त्यांनीच सांगितलं होतं, येताना, अमावस्या लागायच्या दिवशी नक्की थांबू, बाळगोंडाला तसा निरोप धाड. बहीणभावाची सात वर्षांत भेट नव्हती. बाळगोंडाचा एक गुडघा कामातून गेलेला, आणि गाव फाट्यापासून दोन कोस आत. तो सकाळपासूनच येऊन उभा असणार. आपलं चुकलं की माणसाला आधी राग येतो, तसा शेटांना आला. ते बायकोवरच उखडले, "तोंडात गुळणी धरली हुतीस काय? दोरी वढायची की!"

"माझा थांबा सकाळच्या चहात गेला," अक्काताई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, रुसवाही नव्हता. राग असता तर शेटांना बरं वाटलं असतं.

मधल्या मुलानं सूर्याकडं पाहिलं. "अण्णा, आता मागं फिरलो तर अमावस्या गाठणार बघा." लगेच सगळ्यांनी गिल्ला केला. कुणाला घरचं अंथरूण हवं होतं, कुणाला घरचं पाणी. शेटांच्याही अगदी ओठांवर आलं की पुढच्या खेपेला नक्की थांबू. त्यांनी अक्काताईंकडं पाहिलं. त्या निजलेल्या नातवाच्या अंगावरचे मुंगळे वेचत होत्या, आणि शेट काही बोलायच्या आधीच त्यांनी बरं म्हणून मान हलवली.

शेट खाली मान घालून पुढं गेले आणि त्यांनी टेम्पो मागं वळवला.

"अण्णा, अमावस्या!" मागून ओरडा झाला.

"लागू दे लागायची ती," शेट म्हणाले.

बाळगोंडा तिथंच होता. मैलाच्या दगडावर पाय लांब करून बसला होता, पाटी शेजारी. टेम्पो पाहून तो कसाबसा उठला. अक्काताई उतरल्या. इतकी वर्षं कुणी त्यांना पळताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं.

"अक्का, आलीस व्हय!" म्हातारा डोळे पुसत म्हणाला. "मला वाटलं, गाडी जोरात हुती, मी दिसलो नसंन."

अक्काताईंनी त्याचा हात हातात घेतला.

"दिसला हुतास रं," त्या म्हणाल्या.

बाळगोंडाला ते काही उमगलं नाही, तो नुसता हसला. शेजारी उभ्या रामलिंगशेटांना मात्र मान वर करता आली नाही.

तात्पर्य: जो कधी काही मागत नाही, त्याला काही नकोच असतं असं समजू नये, घरातल्या गप्प माणसाला सगळ्यांत आधी विचारावं.